भलामोठा यो-यो आणि सासूबाईंचे गुडघे

पत्र

ताई,
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. नागपूरहून सासू-सासरे आले आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण (आम्ही दोघं, ते दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी) ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जाणार आहोत. पाच रात्री, चार दिवस पार्क. विमानाची तिकिटं काढून झाली, आता हॉटेलवर गाडी अडली आहे.

नवऱ्याचं म्हणणं, हॉटेल म्हणजे झोपायला आणि आंघोळीला. किसिमीच्या १९२ नंबरच्या हायवेवर एका मोटेलात ८५ डॉलरला खोली मिळतेय. दोन खोल्या घेऊ, दिवसाला ९५ डॉलरची व्हॅन भाड्याने घेऊ, विषय संपला. मला वाटतं, मुलांना एवढ्या लांब न्यायचं तर डिस्नेच्याच हॉटेलात राहावं. अर्थात तिथलंही स्वस्तातलंच परवडेल. ऑल-स्टार मूव्हीजमध्ये खोली १४५ ला आहे, पॉप सेंच्युरीत २०० ला, आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये सहाजणांचा ‘लायन किंग’ स्वीट ५२० ला. कर वेगळा.

मंडळातल्या एकीने सांगितलं, “ती ऑल-स्टार म्हणजे साधी मोटेलं गं, बाहेरून मोठमोठी खेळणी चिकटवलीत.” दुसरी म्हणते, खोल्यांत आता डिस्नेचं काही उरलंच नाही, पांढऱ्या भिंती आणि मिकीचं एखादं चित्र. तिसरी म्हणते, आर्ट ऑफ ॲनिमेशन सोडून दुसरं काही घेतलंस तर पस्तावशील. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासरे ठणठणीत आहेत, आणि दोघांचं उत्तर एकच: “तुम्ही म्हणाल तिथे राहू.” रोज रात्री जेवणं झाली की आमचा हाच वाद. त्या सजावटीला खरंच पैशाचं मोल आहे, की मी उगाच हट्ट धरलाय?
– मधल्यामध्ये, एडिसन

उत्तर

हट्ट उगाच नाही. पण तुम्ही दोघंही हॉटेल भलत्याच माणसांसाठी निवडताय.

तुमचे यजमान म्हणतात हॉटेल झोपण्यापुरतं, तुम्ही म्हणता मुलांसाठी. सकाळी पार्कच्या दारात उभी राहून रात्रीचे फटाके संपेपर्यंत हिंडणारी मुलं हॉटेल बघतात कधी? दार उघडलं की पलंगावर आडवी. त्या हॉटेलात दिवसाउजेडी सगळ्यांत जास्त वेळ काढणार आहेत तुमचे सासू-सासरे. नागपूरकरांना उन्हाचं कौतुक सांगू नये, एवढं मलाही कळतं. पण नागपूरचं ऊन कोरडं असतं आणि ऑगस्टातलं ऑर्लँडो घामाने निथळायला लावतं. त्यात जवळजवळ रोज दुपारी विजांसकट पाऊस. सासूबाई साडेबाराच्या पुढे पार्कात टिकतील असं मला वाटत नाही, आणि टिकू नयेच. मग त्या परत येतील कशा, येऊन करतील काय, आणि त्यासाठी तुमच्यापैकी कुणाला रोज दिवस मोडावा लागेल, हे तीन प्रश्न त्या भल्यामोठ्या पुतळ्यांपेक्षा मोठे आहेत.

आता पुतळ्यांचं बघू, कारण तुम्ही नेमकं तेच विचारलंय.

डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये उघडलं तेव्हा आत राहण्याची सोय बेताची होती आणि ती पैसेवाल्यांची होती. मध्यम खिशाचं पहिलं हॉटेल, कॅरिबियन बीच, १९८८ मध्ये आलं. त्याखालच्या खिशाची कुटुंबं राहायची कुठे? तुमच्या यजमानांनी शोधलेल्या त्याच १९२ हायवेवर. ते गिऱ्हाईक आत ओढायला डिस्नेने १९९४ मध्ये ऑल-स्टार स्पोर्ट्स आणि ऑल-स्टार म्युझिक उघडली, १९९९ मध्ये मूव्हीज. म्हणजे तुमच्या घरी रोज रात्री जो वाद चालतो, तो मिटवण्यासाठीच ही हॉटेलं बांधली गेली!

ती बांधली मोटेलाच्याच हिशोबाने. तीन मजली सरळ ठोकळे, खोलीचं दार थेट बाहेरच्या उघड्या व्हरांड्यात, आतून मार्गिका नाही, म्हणजे तिचं एसीही नाही. आराखडा मायामीच्या ‘आर्किटेक्टॉनिका’ या भडक रंगांना न भिणाऱ्या कंपनीचा. त्यांनी ठोकळा लपवला नाही, त्याच्यापुढे चार मजली उंचीच्या वस्तू उभ्या केल्या: मूव्हीजमध्ये ‘टॉय स्टोरी’तले बझ आणि वुडी, काळ्या ठिपक्यांची अवाढव्य डाल्मेशियन कुत्री, स्पोर्ट्समध्ये फुटबॉलची हेल्मेटं, सर्फबोर्ड, म्युझिकमध्ये ढोल आणि गिटारी. विसाव्या शतकातल्या दशकांवर बेतलेल्या पॉप सेंच्युरीत तर बोलिंगच्या पिना, यो-यो, रुबिकचे क्यूब जिन्यांना झाकायलाच वापरलेत. तुमच्या मैत्रिणीचं वर्णन म्हणून अगदी बरोबर आहे. निकाल मात्र मला मान्य नाही. गणपतीच्या देखाव्याला मागे जाऊन ‘अरे, हे तर बांबू आणि कापड’ म्हणणाऱ्याचं आपण काय करतो? देखावा समोरून बघायचा असतो, आणि तो सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून बघायचा असतो.

त्याच १९९४ साली डिस्ने वर्ल्डच्याच आवारात ‘वाइल्डरनेस लॉज’ हे महागडं हॉटेल उघडलं. प्रचंड लाकडी खांब, दगडी शेकोटी, आत शिरलं की मान वर करून उभं राहावं असा दिवाणखाना. तिथे सजावट भिंतीत, जमिनीत, दिव्यात मुरवलेली आहे, आणि त्या मुरवण्याचे पैसे तुमच्या बिलात येतात. ऑल-स्टारमध्ये ती अंगणात उभी आहे. दोन्ही प्रामाणिक आहेत. मला चीड येते ती या दोन्हींच्या मधल्या प्रकाराची, म्हणजे महागड्या दराच्या साध्या खोलीत उशीवर मिकी छापून जी विकली जाते तिची.

दुसऱ्या मैत्रिणीची तक्रार खरी आहे. पॉप सेंच्युरीच्या खोल्या २०१७-१८ मध्ये नव्याने झाल्या, पुढे तीनही ऑल-स्टारच्या. त्या दुरुस्तीत खोलीतली सजावट बरीचशी गेली. पण त्यासोबत काय गेलं, तेही ऐका. जुन्या खोलीत दोन अरुंद डबल बेड होते, खाली गालिचा आणि सामान ठेवायला जागा नाही. आता एक क्वीन पलंग, भिंतीतून खाली उतरणारा दुसरा क्वीन पलंग (दिवसा तो वर गेला की तिथे टेबल होतं), पुसता येणारी टणक जमीन आणि पलंगाखाली बॅगा सरकवायला जागा. खोली आहे २६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेत चार माणसांनी ओले पोहण्याचे कपडे घेऊन वावरायचं, तर पडद्यावरच्या डॉनल्ड डकपेक्षा मला ती जमीन आणि ती जागा जास्त मोलाची वाटते. लोक या मुद्द्यावर हिरिरीने भांडतात, आणि मी उघड दुरुस्तीच्या बाजूने आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. भिंतीतला पलंग उतरवायचा तर टेबलावरचं सगळं रोज रात्री आवरावं लागतं. चार्जर, औषधांचा डबा, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, सगळं. ते मुलांच्या खोलीत चालेल, सासूबाईंच्या खोलीत तो पलंग उतरवूच नका.

आता यजमानांचा हिशोब. त्यांच्यासमोर हा कागदावरच मांडा, तोंडी नको; तोंडी हिशोबात नवरे नेहमी जिंकतात. मोटेल: दोन खोल्या, पाच रात्री, ८५० डॉलर. व्हॅन पाच दिवस, ४७५. पार्कच्या वाहनतळाचे दिवसाला ३० च्या आसपास, चार दिवसांचे १२०. झाले १,४४५. पेट्रोल आणि मोटेल लावत असेल तर ‘रिसॉर्ट फी’ वेगळी. ती जाहिरातीतल्या दरात दिसत नाही, म्हणून आधी विचारा. ऑल-स्टार: दोन खोल्या, पाच रात्री, १,४५०. विमानतळावरून जा-ये सहाजणांची, दीडशेच्या आसपास. पूर्वी डिस्नेची फुकट बस होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे १,६००. पार्कांपर्यंतच्या बस फुकट. ८५ विरुद्ध १४५ दिसतं तेव्हा फरक डोंगराएवढा वाटतो, आणि कागदावर तो दीडशेवर येतो. कर दोन्हीकडे खोलीच्या भाड्यावर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास लागतो, त्यामुळे महाग खोलीला तो थोडा जास्त बसेल. तरी चित्र फार बदलत नाही.

शिवाय आत राहणाऱ्यांना रोज प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी सोडतात. ऑगस्टात सकाळचा अर्धा तास म्हणजे कमी ऊन आणि छोटी रांग. दोन मोठ्या राइड त्यात उरकतात. लायटनिंग लेन (राइडची लांब रांग टाळायचा पास) विकत घेणार असाल, तर आत राहणाऱ्यांना ती सात दिवस आधी नोंदवता येते, बाहेरच्यांना तीनच दिवस. हे फायदे स्वस्त हॉटेलवाल्यालाही महागड्यासारखेच मिळतात. उशिरापर्यंत पार्कात थांबण्याची सवलत तेवढी महागड्यांनाच आहे, आणि सहा वर्षांची मुलगी सोबत असताना तुम्हाला ती नकोच.

तर मोटेल बाजूला ठेवू. उरली तीन.

आर्ट ऑफ ॲनिमेशनचा स्वीट आधी निकालात काढते, कारण तिथे मन सगळ्यांत जास्त ओढलं जाणार. या पूर्ण स्वस्त गटात सजावट खोलीच्या आत शिरली आहे ती याच हॉटेलात. लायन किंगच्या स्वीटमध्ये आत शिरलं की जंगल, कार्सच्या स्वीटमध्ये रस्त्याकडेचं मोटेल, अंगणात त्या त्या सिनेमाचे भलेमोठे देखावे, आणि निमोचा ‘बिग ब्लू पूल’ हा डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांतल्या सगळ्यांत मोठ्या तलावांपैकी एक. तुमच्या तिसऱ्या मैत्रिणीचे डोळे तिथे दिपले असतील तर नवल नाही.

पण तुमचे सहाजण त्यात झोपणार कसे, ते बघा. स्वीट साधारण ५६५ चौरस फुटांचा. एक बंद बेडरूम, बाहेरच्या खोलीत सोफ्याचा पलंग आणि जेवणाच्या टेबलाचा पलंग. बाथरूम दोन. बेडरूम कुणाला मिळणार, हे मी सांगायला नको. पहिल्या रात्री दहा मिनिटं “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” होईल आणि मग सासू-सासरे आत. तुम्ही नवरा-बायको पाच रात्री टेबलावर. शेजारच्या सोफ्यावर दोन मुलं. पहाटे पाचला सासरे उठून चहाची चाहूल घेत तुमच्या डोक्याशी येणार. पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्या मिळून ५२० चौरस फूट होतात, बाथरूम तिथेही दोन, खरे पलंग दोन्हीकडे, आणि मधे एक दार जे लावता येतं. त्यासाठी रात्रीचे १२० डॉलर कमी. स्वीटमध्ये जास्तीचा आहे तो मायक्रोवेव्ह, छोटं सिंक आणि भिंतीवरचा सिंह. पाच रात्रींत सहाशे डॉलर.

आणि तो देखावा तुम्हाला तसाही बघायला मिळणारच आहे. या दोन हॉटेलांच्या मधे एकच तळं आहे, त्यावर एक पादचारी पूल आहे. खरं तर पॉप सेंच्युरीचाच दुसरा अर्धा भाग पलीकडे व्हायचा होता, विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच दशकांचा. २००१ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेतलं पर्यटन कोसळलं, बांधकाम थांबलं. अलीकडचा अर्धा भाग २००३ च्या डिसेंबरात उघडला आणि पलीकडे अर्धवट इमारती वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. त्याच जागी २०१२ मध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन आलं. त्यामुळे संध्याकाळी जेवण झालं की मुलांना घेऊन पूल ओलांडा, ‘कार्स’मधल्या लायटनिंग मॅक्वीनबरोबर फोटो काढा, परत या. पोहायला मात्र आपापल्याच हॉटेलात, एवढा नियम पाळा.

राहिलं ऑल-स्टार की पॉप. फरक रात्रीला एकशेदहा डॉलर, पाच रात्रींचे साडेपाचशे. तुम्ही चौघंच असता तर मी डोळे मिटून ऑल-स्टार म्हटलं असतं. मुलांना बझ आवडेल, बस येईल, चालेल. सासू-सासऱ्यांमुळे मी पॉपकडे झुकते, आणि त्याचं मुख्य कारण आहे आकाशातली डबी.

२०१९ च्या सप्टेंबरपासून पॉप आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या मधल्या तळ्यावरून ‘स्कायलायनर’ हा रोपवे सुटतो. कॅरिबियन बीचला बदलायचं, तिथून एक फाटा एपकॉट पार्कला, एक हॉलिवूड स्टुडिओज पार्कला. डब्या सतत येत राहतात, त्यामुळे वेळापत्रक बघायचं नाही, बसची पाटी वाचायची नाही. सासूबाईंना चालत्या डबीत चढायची भीती वाटली तर स्थानकावरच्या माणसाला सांगा. व्हीलचेअरवाल्यांसाठी थांबलेली डबी वेगळ्या बाजूला मिळते, गुडघेवाल्यांनाही तिकडून चढवतात. म्हणजे साडेबाराला तुम्ही त्यांना स्थानकापर्यंत सोडलंत की पुढचं ते दोघं करू शकतात. ऑल-स्टारला सगळीकडे फक्त बस. त्यात गर्दी कमी असली की तिन्ही ऑल-स्टारची बस एकच होऊन तिन्हीकडे थांबत जाते. ऑगस्टची अखेर म्हणजे नेमका कमी गर्दीचा हंगाम, कारण फ्लोरिडातल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात. दुपारच्या उन्हात दुखऱ्या गुडघ्यांनी तीन हॉटेलं फिरत यायचं, हे मला पटत नाही.

रोपवेचा एक दोष सांगायलाच हवा. वीज चमकायला लागली की तो बंद करतात, आणि ऑगस्टात ती दुपारी चमकतेच. म्हणून परतायचं ते आभाळ भरून यायच्या आधी. डबीत एसी नाही. चालू असताना वारा खेळतो, थांबली की उकडतं. मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम या उरलेल्या दोन पार्कांना पॉपहूनही बसच आहे.

आता दुपारी ते करतील काय? पॉपला तळ्याभोवती फिरायची वाट आहे. सासरे ठणठणीत आहेत म्हणालात. पहाटेची फेरी त्यांची तिथे होईल, आणि तुमची झोपही. मूव्हीजमधल्या आइस हॉकीच्या कोपऱ्याशी नागपूरच्या माणसाचं काय देणंघेणं? पॉपचं अंगण मात्र त्यांना ओळखीचं वाटेल. यो-यो आहे, रुबिकचा क्यूब आहे, लॉबीत एकेका दशकाच्या वस्तू काचेआड मांडल्यात. आणि साठच्या दशकाच्या अंगणात मोगली आणि बालू उभे आहेत. नातवंडांना हे पुतळे दाखवायचं काम आजोबांकडे द्या. मोगलीचं जंगल म्हणजे शिवनीचं, आपल्या पेंचच्या अलीकडचं-पलीकडचं. नागपूरहून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचतो. अमेरिकेत वाढणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला हे डिस्नेने सांगितलेलं नसतं. सजावटीला मोल आहे का, असं विचारलंत ना? कुणीतरी गोष्ट सांगणारं सोबत असलं तर आहे.

देखणी, मुरलेली सजावट बघायचीच असेल तर तीही फुकट आहे, राहायलाच महाग. ॲनिमल किंग्डमच्या दिवशी पार्कातून बस धरून ‘ॲनिमल किंग्डम लॉज’ला जा. हॉटेलच्या मागच्या माळरानावर जिराफ आणि झेब्रे हिंडतात, ते बघायला तिथे राहावं लागत नाही. त्याच आवारात ‘सनाआ’ नावाचं उपाहारगृह आहे, आफ्रिका आणि भारत दोन्हींच्या चवींचं. तिथला ब्रेड सर्व्हिस मागवा: पाच प्रकारचे नान-पराठे आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची. जागा आधी राखून ठेवा. चार दिवसांच्या पिझ्झा-फ्राइजनंतर सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग येईल.

जेवणाचं निघालंच आहे तर सांगते. पॉपच्या खोलीत छोटा फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह नाही. तो खाली फूड कोर्टात आहे, कुणीही वापरावा. खोलीत शेगडी किंवा कुकर लावायचा विचार मनातही आणू नका, धुराचा भोंगा वाजला तर चार मजले खाली उतरतील. पार्कांत घरचं खाणं नेता येतं, काचेची बाटली तेवढी नको. दशम्या, चिवडा, गरम पाण्यात होणारा उपमा एवढं एडिसनहूनच बांधून घ्या. थंड पाणी पार्कातल्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं की फुकट देतात. बाटल्या विकत घेऊ नका. ऑगस्टच्या अखेरीस श्रावण चालू असला आणि सासूबाईंचे उपास असले, तर साबुदाण्याचं काही जमणार नाही हे त्यांना आत्ताच सांगून टाका. फळं आणि दाण्याचा लाडू यांवर निभावेल.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि सगळ्यांत मोठा खर्च तोच आहे. तुम्ही हॉटेलाच्या साठ-सत्तर डॉलरांवर रोज रात्री भांडताय, पण पार्कचं एका दिवसाचं तिकीट सगळ्यांत स्वस्त तारखेलाही माणशी शंभराच्या वर आहे. सहाजणांची चार दिवसांची तिकिटं काढलीत तर ती हॉटेलाला गिळून टाकतात. सासू-सासऱ्यांना चारही दिवस पार्क हवाय का, हे कुणी विचारलंय? माझं मत, त्यांची दोन दिवसांची काढा. मॅजिक किंग्डम, कारण तो किल्ला बघितल्याशिवाय नागपुरात सांगणार काय, आणि ॲनिमल किंग्डम. या दोन दिवशी परतायला त्यांना बसच धरावी लागेल, रोपवे उरलेल्या दिवसांसाठी. (तिथल्या ‘महाराजा जंगल ट्रेक’मधले वाघ बघून ताडोबा केलेली माणसं काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.) जास्त दिवसांच्या तिकिटात पुढचे दिवस स्वस्त पडतात, त्यामुळे बचत अगदी निम्मी होत नाही, तरी दोघांचे मिळून तीनशेच्या खाली जाणार नाहीत असा माझा अंदाज. ऑल-स्टारऐवजी पॉप घेतल्याचा निम्म्याहून जास्त भार तिथेच उतरला. उरलेल्या दोन दिवशी त्यांनी आरामात उठावं, तळ्याकाठी बसावं, ढग नसतील तेव्हा स्कायलायनरमध्ये नुसती चक्कर मारावी. त्याला पार्कचं तिकीट लागत नाही. संध्याकाळी बसने डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-उपाहारगृहांच्या परिसरात जावं, तेही फुकट.

यजमानांच्या बाजूनेही एक सांगते, नाहीतर ते म्हणतील ताई बायकांचीच. बाहेर राहणं चूकच असं मी म्हणत नाही, फक्त ते मोटेल चूक आहे. आठ-दहा दिवस राहणार असता, गाडी हाताशी असती आणि घरी रोज वरण-भात शिजायलाच हवा असता, तर मी किसिमी किंवा डेव्हनपोर्टला तीन बेडरूमचं घर घ्यायला सांगितलं असतं. स्वयंपाकघर, कपडे धुवायचं यंत्र, मागे पोहायला छोटा तलाव. नाताळच्या आठवड्यात तर डोळे झाकून तेच, कारण तेव्हा डिस्नेच्या स्वस्त खोलीला स्वस्त म्हणणं हा विनोद असतो. तुमच्या पाच रात्रींत मात्र घर लावण्यात आणि आवरण्यातच दोन संध्याकाळी जातील. आणि पुढे कधी मुलं मोठी झाल्यावर ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांना गेलात तर तिथलं ‘कबाना बे’ हॉटेल बघा. २०१४ चं, पन्नास-साठच्या दशकातल्या समुद्रकाठच्या मोटेलाच्या धर्तीवर केलेलं. बजेटातल्या हॉटेलांत सजावट कशी करावी याचा तो माझ्या मते सगळ्यांत चांगला नमुना आहे, कारण तिथे स्वस्त मोटेल लपवलेलं नाही, तीच कल्पना आहे. शिवाय पोहण्याच्या तलावाला घसरगुंडी आहे, जी डिस्नेच्या या स्वस्त गटात कुठेच नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पॉपला पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न तोच येईल.

नोंदणी करताना फक्त खोल्यांची करा, तिकिटांसकट पॅकेज नको. खोली पाच दिवस आधीपर्यंत रद्द केली तरी पैसे परत मिळतात, पॅकेजला ती मुदत तीस दिवसांची आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे चक्रीवादळांचा भर. दोन खोल्या आतून दार असलेल्या, जोडून हव्यात हे फोन करूनच सांगा, नुसतं ऑनलाइन लिहून सोडू नका. लिफ्टजवळची मागा. सासूबाईंना बाथटबची कड ओलांडणं जड जात असेल, तर सपाट शॉवरची खोली असते, तीही त्याच फोनवर मागा. आणि फोन करण्याआधी आज रात्री जेवताना त्या दोघांना “कुठे राहायचं” हे विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. किती दिवस पार्कात यायचंय, एवढं विचारा.